चारच्या पुढचा श्वास

६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र परवा मिळालं. किरणांचे आठ शेक झाले, सतरा राहिले, तोंडाला चव नाही पण जेवतेस, आणि तुझी नणंद तुझ्यापेक्षा जास्त दमते, हे सगळं वाचलं. तिला माझा नमस्कार सांग आणि दुपारी थोडं झोपायला लाव. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. वरच्या मजल्यावरच्यांनी महिनाभर गळणारा नळ अखेर बदलला, त्यामुळे आता मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल तक्रार करायला.

फोन बंद, पत्रच लिही, असं तू फर्मान काढलंस. "फोनवर तू नुसती हं-हं करतेस आणि मागे भांडी वाजत असतात." कबूल. पत्र लिहिताना भांडी घासता येत नाहीत, एवढा फायदा तुला झाला. तोटा असा की माझं अक्षर तुला वाचावं लागणार.

दुसरं फर्मानही पाळलं आहे. योगवर्गाला नाव घातलं, दोन आठवडे झाले. शेकाच्या टेबलावर न हलता पडून राहायचं तेव्हा तू श्वास मोजतेस, त्याने बरं वाटतं, आणि "ताई, तूही शीक, हल्ली तुझं चित्त थाऱ्यावर नसतं" असं तू लिहिलंस. आजारी माणसाचा हट्ट मोडू नये म्हणून गेले. खरं तर मला स्वतःलाच जायचं होतं. का, ते पुढे कधीतरी.

वर्ग सकाळी सहाला असतो, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खालून पॉलिशचा वास येतो. दीर्घ श्वास घ्या म्हटलं की सगळे आधी एकमेकांकडे बघतात. आम्ही अकरा जण आहोत. बहुतेक निवृत्त, एक औषधांच्या दुकानातली बाई, आणि एक गृहस्थ जे शवासनात हमखास घोरतात. शिक्षक आधी बसमध्ये तिकीट तपासनीस होते, तीस वर्षं. अजून तसेच उभे राहतात, पाय फाकवून, बस वळणार असल्यासारखे. मन म्हणजे फुकट्या प्रवासी, असं त्यांचं म्हणणं. पकडायचा, ओरडायचं नाही, हाताला धरून दारापर्यंत पोचवायचा. पुढच्या थांब्यावर तो परत चढणार हे धरूनच चालायचं.

एका पायावर उभं राहायचं आसन आहे, त्यात भिंतीवरचा एक ठिपका धरून बघत राहायचं. मी खिळा धरला. खिळा जागचा हलला नाही, मी मात्र औषधवालीच्या अंगावर गेले. ती म्हणाली, "अहो, तुमचं तर डोळ्यांचंच काम ना?" म्हटलं, बसून करते मी ते.

मग श्वास मोजणं. एक ते दहा. मध्ये मन गेलं की पुन्हा एकपासून. धाकटे, मी चारच्या पुढे जात नाही. हसू नकोस. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेय, दिवसाला सत्तर स्लाइड बघते, लॅबमध्ये मला 'गाडी' म्हणतात. माझ्या शेजारची, चाळीसच बघणारी, तिला 'कासव' म्हणतात. तुला माहीत आहे आमचं काम कसं चालतं. काचेवर पेशी पसरलेल्या असतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने बघत जायचं, मग थोडं खाली सरकून परत यायचं. फरशी पुसताना आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून पुढचा पट्टा पुसतो ना, तसं. कुठेही कोरडी जागा राहता कामा नये. ते मी डोळ्यांत तेल घालून बावीस वर्षं केलं, आणि इथे दहा श्वास मोजता येत नाहीत.

मास्तरांबद्दल तू लिहिलंस. तुझ्या या शाळामास्तर नवऱ्याने एक प्रश्न विचारला, गेल्या मार्चच्या तपासणीतली तुझी स्लाइड, मी पाहिलेली, पुन्हा तपासून घ्यावी का, एवढाच. तू तो मनाला लावून घेतलास. "माझ्या बहिणीवर संशय घेणाऱ्याने माझ्याजवळ बसू नये" म्हणून त्यांना दवाखान्यात वर येऊ देत नाहीस, ही गोष्ट काही मला रुचलेली नाही. माझ्या बाजूने भांडलीस याबद्दल काय लिहावं ते मात्र कळत नाही. तुमचं तुम्ही बघा.

पातळ का होईना, खात राहा.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. पंधरा झाले म्हणजे अर्ध्याच्या वर आलीस. टेबलावरची ती मुलगी तुला रोज "आज छान दिसताय" म्हणते आणि तू रोज "काल काय झालं होतं?" विचारतेस, हे वाचून लॅबमध्ये एकटीच हसले. कासवाने मान वर करून बघितलं. कारण सांगितलं नाही.

वर्गाची प्रगती: दोन्ही पायांवर उत्तम उभी राहते. एका पायावर वीस सेकंद. मेणबत्तीकडे टक लावून बघायचं नवीन सुरू झालं आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघायचं, मग मिटायचे, आणि आत ज्योतीचा जो डाग उरतो तो धरून ठेवायचा. तो डाग मोठा खट्याळ असतो. सरळ बघायला गेलं की सरकतो. औषधवालीला हिरवा दिसतो, घोरणाऱ्यांना काहीच दिसत नाही कारण ते तोवर झोपलेले असतात. मला काय दिसतं ते मी वर्गात सांगितलं नाही.

श्वास अजून चारवर अडतो.

परवा शिक्षकांना विचारलं, "मन गेलं हे नेमकं कधी कळतं? जाताना कळलं तर थांबवता येईल." ते सतरंज्या गोळा करत होते. म्हणाले, "बाई, गेलेलं कळत नाही. आलेलं कळतं." आणि पुढची सतरंजी गुंडाळायला लागले. एवढं सोपं वाक्य. मी जिना उतरून बस थांब्यापर्यंत गेले, बस आली, गेली, मी तिथेच उभी.

मग लॅबमध्ये मी एक उद्योग सुरू केला. स्लाइड बघताना आपण 'आलो' असं जेव्हा जेव्हा कळेल तेव्हा कागदावर एक रेघ मारायची, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून बघायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कागद भरला. मला वाटायचं माझे डोळे आणि मी एकाच ठिकाणी असतो. तसं नाही. डोळे उघडे असतात, हात चाक फिरवत असतो, ओळ संपली की हात आपोआप खाली सरकतो, इतका अंगवळणी पडलाय. आत कोणी नसलं तरी काम चालू राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीही फरक दिसत नाही. मलाही दिसला नसता.

आता दिवसाला पंचेचाळीस होतात. कासव म्हणाली, "माझ्या गल्लीत गर्दी करू नकोस, इथे एकीपुरतीच जागा आहे." मोठ्या डॉक्टरांनी तब्येत बरी आहे ना विचारलं. बरी आहे म्हटलं.

मास्तर आले होते, रविवारी. तुझी लोकरीची जाड बंडी आणि दोन पुस्तकं घेऊन, पाठवता येतील का विचारायला. आत या म्हटलं तर दारातच उभे राहिले. बारीक झालेत. दर बुधवारी शाळेतून अर्धी रजा टाकून, शेकासाठी तू राहतेस त्या गावी जातात, दवाखान्याच्या खालच्या कँटीनमध्ये दहापासून बसतात आणि तुझा शेक झाल्याचं नणंदेने खाली येऊन सांगितलं की परत निघतात. तुला सांगू नका म्हणाले. सांगितलं.

मला म्हणाले, "ताई, मी तुमच्यावर संशय घेतला नव्हता हो. डॉक्टर म्हणाले, नऊ महिन्यांपूर्वी काहीतरी दिसायला हवं होतं. म्हणून विचारलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर..."

मी म्हटलं, नाही वाटलं.

"माझ्याबद्दल काही लिहिते का ती?"

यालाही नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तू तर प्रत्येक पत्रात अर्धं पान त्यांनाच शिव्या घालतेस.

बंडी या पत्राबरोबर पाठवते आहे. पुस्तकं जड आहेत, नंतर.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र एकटी असताना वाच. वाचून झालं की नणंदेला द्यायचं असेल तर दे.

गेल्या मार्चमध्ये तुझ्या स्लाइडवर रोग होता. मी तो पाहिला नाही. 'काही नाही' असं लिहून सही केली. डिसेंबरात तुझं निदान झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती स्लाइड खणातून काढून पुन्हा पाहिली. तेव्हापासून मला माहीत आहे.

आता सगळं क्रमाने लिहिते.

आमच्याकडे रीत अशी की स्लाइड नात्यातल्या माणसाची असेल तर नोंदवहीत 'नातं' एवढंच लिहून ती शेजारणीला द्यायची. काचेवर फक्त आकडा असतो, पण तुझ्या काचेवर आकड्याची चिठ्ठी मीच चिकटवली होती. तू म्हणाली होतीस, "ताई, तूच बघ हं, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस." तुझ्या शब्दामुळे रीत मोडली असं सांगता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. कासवाला दिली असती तर तिने दोन दिवस लावले असते आणि मला ते सोसलं नसतं. शिवाय माझ्याइतकं नीट दुसरं कोणी बघेल असं मला वाटतच नव्हतं. बावीस वर्षं 'गाडी' म्हणवून घेतलं की असं होतं.

त्या दिवशीची ती वीस-बाविसावी असेल. बघताना माझ्या मनात काय चाललं होतं ते खूप आठवून पाहिलं. काही मोठं कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. सापडलं नाही. बहुधा काहीच नव्हतं.

डिसेंबरात त्या शुक्रवारी साडेसातला गेले, कोणी यायच्या आत. खण मला तोंडपाठ होता. पेशी शेवटून दुसऱ्या ओळीत होत्या, कडेजवळ. पाच, एकमेकींना चिकटून. केंद्रकं मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या. शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवतो तशा. शोधाव्या लागल्या नाहीत. मी काच पुसली, जागेवर ठेवली, हात धुतले, चहा केला. त्या दिवशी अडुसष्ट स्लाइड पाहिल्या.

पुढच्या सोमवारी आपण सगळे तुझ्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. ते म्हणाले आधी दिसायला हवं होतं. तू म्हणालीस, "माझ्या ताईच्या नजरेतून काही सुटत नाही." मग मास्तरांनी तो प्रश्न विचारला आणि तू त्यांच्यावर तुटून पडलीस. मी तिथेच होते. तुझी पिशवी हातात धरून भिंतीपाशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझे कान गरम झाले होते आणि मला एवढंच वाटत होतं की हे लवकर संपावं. मास्तर गप्प बसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

वर्गाला मी गेले ते यासाठी. वाटलं, एकाग्रता वाढवू, पुन्हा असं होणार नाही एवढं बघू, म्हणजे झाल्याची भरपाई होईल. तू मला शीक म्हणालीस ते निमित्त झालं. आणि तिथे डोळे मिटले की एक, दोन, तीन, चार, आणि त्या पाच पेशी. रोज. मेणबत्तीचा डाग इतरांना हिरवा दिसतो म्हणतात, मला त्यातही त्या पाच पेशीच दिसत.

मंगळवारी शिक्षकांनी प्रत्येकाला विचारलं, कुठवर पोचलात. कोणी दहा, कोणी सात. मी म्हटलं चार. महिनाभर मी हेच सांगतेय आणि ते महिनाभर मान हलवतात. या वेळी वर्ग सुटल्यावर म्हणाले, "चारवर कोण चढतं?" मी म्हटलं, एक चूक आहे, कोणाला सांगितलेली नाही. ते खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, "तीस वर्षांत हजारो फुकटे पकडले. पकडल्यावर बहुतेकांना हायसंच वाटायचं. पण 'माझ्याकडे तिकीट नाही' असं म्हणत आपणहून एकही आला नाही. मी वाट बघायचो." मग दुसरी नाडी बांधली आणि गेले. त्यांना काय झालंय ते माहीत नाही, मी सांगितलेलं नाही.

बुधवारी तुझी स्लाइड काढून कासवाला दिली. कोणाची ते बोलले नाही. तिने वीस मिनिटं घेतली. मी तिच्या मागे उभी राहिले. तिच्या हाताचा वेग मी इतकी वर्षं चेष्टेचा विषय केला होता, तो नीट पाहिला. शेवटून दुसऱ्या ओळीत ती थांबली, शाईचा ठिपका दिला आणि म्हणाली, "कोणाची गं ही?"

म्हटलं, "धाकटीची. मार्चमधली. सही माझी आहे."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मला का नाही दिलीस?" याचं उत्तर मी वर लिहिलंय, तिला दिलं नाही.

दोघी मिळून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. दुरुस्त अहवाल त्याच दिवशी निघाला, तुझ्या डॉक्टरांना पोचला आहे. ते सोमवारी तुझ्याशी बोलतील. त्यांच्याआधी हे माझ्याकडून पोचावं म्हणून पत्र हातोहात पाठवते आहे. मी पाहिलेल्या मागच्या काळातल्या स्लाइड इतर जणी पुन्हा बघणार आहेत. माझं बघणं थांबलं आहे. थांबवा, असं मीच म्हटलं. सध्या चिठ्ठ्या चिकटवते. चौकशी होईल, जे होईल ते होईल.

तू विचारशील म्हणून: मार्चमध्ये कळलं असतं तर छोटं काम होतं, अर्ध्या दिवसात घरी आली असतीस. शेकाची वेळ बहुधा आली नसती. 'बहुधा' माझा नाही, डॉक्टरांचा आहे. हे मी डिसेंबरात सांगितलं असतं तरी तुझे उपचार हेच असते. म्हणजे अडीच महिने गप्प राहून मी तुझा आजार वाढवला नाही. वाढवलं ते दुसरंच. वीस वेळा तू आपल्या माणसाविना त्या टेबलावर गेलीस, आणि तो दर बुधवारी खाली कँटीनमध्ये बसून राहिला. ते माझ्या गप्प बसण्याने झालं. मार्चमध्ये माझं लक्ष नव्हतं. डिसेंबरापासून मात्र माझं पूर्ण लक्ष होतं, रोज, आणि तरी मी बोलले नाही. या दोन्हींत कुठलं मोठं ते मला विचारशील तर मी दुसरं सांगेन.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या अंगात सध्या तेवढं बळ नाही. रागावायला बळ असेल तर रागाव. पत्र फाडलंस तरी चालेल, अहवालाची प्रत डॉक्टरांकडे आहे. तुझ्यावर माझा जीव आहे. हे वाक्य इथे शोभत नाही, तरी लिहिलं, कारण तेही खरंच आहे.

मास्तरांना काल सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून. ते काही ओरडले नाहीत. नुकतेच शाळेतून आले होते, हाताला लागलेला खडू झटकला आणि विचारलं, "तिला कळलंय?" म्हटलं, उद्या लिहिते. म्हणाले, "माझ्याबद्दल काही लिहू नका, तिचं तिला ठरवू दे." पण त्यांचं ऐकून मी गप्प बसणार नाही. गप्प बसणं मला आता पुरे झालं.

ते बरोबर होते, धाकटे. ज्या बहिणीसाठी तू त्यांच्याशी भांडलीस, ती तेव्हा तुझ्या मागेच उभी राहून ऐकत होती. अजून पाच शेक राहिलेत. बुधवारी दहाला ते खाली बसलेले असतील. त्यांना वर बोलाव.

तुझी ताई,
जिला हे डिसेंबरातच माहीत होतं